शेळ्या-मेंढ्यांतील आंत्रविषार : धष्टपुष्ट जनावर एका रात्रीत का मरते?



ऊस विकास विभागाने शेळ्या-मेंढ्यांच्या रोगावर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. पण या रोगाचा आणि आपल्या उसाच्या रानाचा संबंध आहे. आडसाली लागणीच्या आधी मोकळ्या रानात मेंढरं बसवण्याची चाल आपल्या भागात जुनी आहे. लेंडी आणि मूत जागच्या जागी रानाला मिळते, वाहतूक नाही, उकिरडा भरायची कटकट नाही. गटागटांच्या बैठकीत आम्हीच ही गोष्ट सभासदांना आग्रहाने सांगतो. त्यामुळे बसवलेल्या कळपात रात्रीतून मेंढरं मेली की धनगर आणि रानमालक यांचे भांडण फिरून आमच्याच दारात येते. शिवाय बहुतेक सभासदांच्या घरी दोन-चार शेरडं असतातच. त्यांचा पैसा घरच्या बाईचा असतो, आणि शाळेची फी व दवाखाना त्यातूनच निघतो.

मागे एका गावात असाच प्रकार झाला. गहू निघालेल्या रानात तीन रात्रींसाठी कळप बसवला होता. पहिली रात्र चांगली गेली. दुसऱ्या दिवशी मेंढरं शेजारच्या खळ्यावर गेली. तिथे मळणीनंतर मागे राहिलेले गहू, मक्याचे दाणे आणि फुटकी कणसे पडलेली. मेंढरांनी पोटभर खाल्ले, धनगरही खूष झाला. पहाटे पाहतो तर नऊ मेंढरं पाय ताणून पडलेली, माना मागे वळलेल्या. मेलेली सगळी कळपातली उत्तम मेंढरं. म्हातारी, लंगडी, रोडकी सगळी शाबूत. धनगर म्हणाला, बांधाच्या पिकावर औषध मारले होते ते तुम्ही सांगितले नाही. रानमालक म्हणाला, आजारी मेंढरं माझ्या रानात आणलीस. प्रकरण पोलीस पाटलापर्यंत गेले. सुदैवाने कोणीतरी पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप धाडला. डॉक्टरांनी येऊन दोन मेंढ्या फाडून पाहिल्या आणि सांगितले, की औषध नाही, विषप्रयोग नाही, हा आंत्रविषार आहे.

विष खरेच होते. पण ते बाहेरून कोणी घातलेले नव्हते, मेंढीच्या स्वतःच्या लहान आतड्यात तयार झाले होते. ते कसे, हे समजून घेतले तर पुढचे सगळे उपाय आपोआप पटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मेंढी, शेळी, गाय ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाला चार कप्पे. पहिले मोठे कोटीपोट, मग जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटी खरे जठर. कोटीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि त्यांच्या जोरावरच जनावर काडी-कडबा पचवते. तिथे जिवाणूंचे राज्य असणे हे योग्यच आहे. लहान आतड्याची गोष्ट वेगळी. तिथे अन्नाचा रस रक्तात शोषला जायचा असतो. त्या ठिकाणी जिवाणू थोडेच असावेत आणि जे असतील ते अन्नाबरोबर पुढे ढकलले जावेत, अशी निसर्गाची व्यवस्था आहे. पाटाचे पाणी वाहते असले म्हणजे शेवाळ धरत नाही, तसेच हे. आतड्याची सतत चाललेली हालचाल हाच तिथला वाहता पाट.

या थोड्या जिवाणूंत एक असतो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. १८९२ साली अमेरिकेत वेल्च आणि नटाल यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून जुन्या पुस्तकांत तो वेल्चीआय या नावाने भेटतो. त्याला हवा नको असते. तो बीजाणू करून मातीत वर्षानुवर्षे राहतो, चाऱ्याबरोबर पोटात जातो आणि निरोगी मेंढीच्या आतड्यातही अल्प प्रमाणात सापडतो. त्याच्या निरनिराळ्या प्रकारांपैकी 'ड' प्रकार मेंढ्या-शेळ्यांत हा रोग करतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात बेनेट्स या पशुवैद्यकाने १९३२ मध्ये याचा उलगडा केला आणि तेथून लसीचा मार्ग मोकळा झाला.

आता खरी गोम पाहा. प्रयोगांत असे दिसून आले, की नुसते हे जिवाणू मेंढीच्या आतड्यात सोडले तर सहसा काही होत नाही. पण त्याच मेंढीला एकदम भरपूर धान्य चारले, की रोग उभा राहतो. म्हणजे बी आधीपासून रानात पडलेलेच असते. पाणी आणि खत आपण देतो. मेंढी रोज काडी खात असते. कोटीपोटातले सूक्ष्मजीव त्या काडीला सरावलेले असतात. एके दिवशी अचानक गहू, मका, ज्वारी पोटात पडली, तर एवढे पीठ कोटीपोटाला आवरत नाही. न पचलेला पिठूळ भाग पुढे वाहत लहान आतड्यात उतरतो. तिथे बसलेल्या जिवाणूंना जणू पंगत मिळते. काही तासांत त्यांची संख्या बेसुमार वाढते आणि ते वाढता वाढता विष सोडतात.

आपल्याच कारखान्यातले उदाहरण घ्या. तोडलेला ऊस लवकर गव्हाणीत पडावा म्हणून आम्ही तोडणीच्या टोळ्यांच्या मागे लागतो. ऊस शिळा झाला, की कापलेल्या तोंडातून शिरलेले जिवाणू आतल्या साखरेवर वाढतात, रस चिकट होतो आणि गाळपात अडचण येते. जिवाणू रानात, पाल्यावर, कोयत्यावर सगळीकडे असतातच. त्यांना साखर आणि वेळ मिळाला की ते आपले काम करतात. आतड्यात पिठूळ भाग साचला की तेच घडते.

या विषाला एप्सिलॉन विष म्हणतात. जिवाणूतून बाहेर पडते तेव्हा ते फारसे जहाल नसते. पण आतड्यात अन्न पचवण्यासाठी जो ट्रिप्सिन नावाचा पाचकरस असतो, तोच त्याचा एक तुकडा कापतो आणि ते कित्येक पटींनी जहाल होते. पचवणाराच घात करतो असा हा प्रकार. मग विष आतड्याच्या अस्तराला सैल करते, रक्तात शिरते आणि रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. मेंदूला सूज येते. मान मागे वळणे, पाय झाडणे, दात खाणे, तोंडाला फेस, हे सगळे त्या सुजेमुळे. काही तासांत खेळ संपतो. पुष्कळदा आजारी दिसण्याआधीच जनावर मेलेले सापडते.

यावरून तगडेच जनावर का मरते हेही कळते. खळ्यावर पुढे घुसून सर्वांत जास्त दाणे तेच खाते. रोडक्याला शिंगे मारून बाजूला सारलेले असते, म्हणून ते वाचते. लोकांना वाटते दृष्ट लागली, करणी झाली, चांगलेच जनावर बरोबर हेरले. आम्ही कोणाच्या श्रद्धेवर बोलत नाही, पण लिंबू-मिरची बांधण्यात गेलेली सकाळ उरलेल्या कळपाला महाग पडते, एवढे मात्र अनुभवाने सांगतो. कोकरांतही असेच. ज्या मेंढीला एकच कोकरू आणि दूध भरपूर, ते बाळसेदार कोकरू तीन ते दहा आठवड्यांच्या वयात अचानक दगावते. दूधही जादा झाले की आतड्यात तोच खुराक होतो.

शेळीचे थोडे निराळे आहे. शेळी नेहमी एवढी झटक्यात मरत नाही. पोट दुखते, ती ओरडते, पातळ हगवण लागते. हगवणीत कधी शेंब, कधी रक्त, कधी आतड्याच्या अस्तराचे पापुद्रे पडतात. दोन-चार दिवस असे चालून काही मरतात, काही रडतखडत वाचतात. काही शेळ्यांना अधूनमधून हगवण होऊन त्या वाळत जातात आणि घरचे 'जंत झाले' म्हणून औषध पाजत राहतात. शेळी फाडून पाहिली तर आतड्याला मोठी सूज दिसते. मेंढीत आतडे फारसे बिघडलेले दिसेलच असे नाही. तिथे हृदयाच्या पिशवीत पिवळसर पाणी आणि लोण्यासारखे मऊ पडलेले मूत्रपिंड ही खूण. म्हणून इंग्रजी पुस्तकांत याला मऊ मूत्रपिंडाचा रोग आणि अतिखाण्याचा रोग अशीही नावे आहेत. मात्र मेल्यावर बराच वेळ गेला, की कोणत्याही मेंढीचे मूत्रपिंड मऊ पडते. खात्री करायची तर मेल्यापासून काही तासांतच आतड्यातला द्रव बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत जावा लागतो. पुण्याला औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुना तेथे पाठवण्याची व्यवस्था दवाखान्यातील डॉक्टर करतात. म्हणून जनावर मेले की दुपारपर्यंत चर्चा करत बसू नये.

येथे एक सावधगिरीची सूचना. अचानक मेलेले प्रत्येक जनावर आंत्रविषाराचे नसते. नाकातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त आले असेल तर ती फाशी, म्हणजे काळपुळी असू शकते. असे जनावर कोणीही फाडू नये, सोलू नये, खाऊ नये. हा रोग माणसालाही होतो. डॉक्टर येईपर्यंत कुत्री आणि पोरे लांब ठेवावीत. दुसरे, पावसाने ओढ दिल्यावर ज्वारीची कोवळी ताटे खाऊन किराळ लागते. तिथेही जनावर चटकन आडवे होते, पण त्याला दवाखान्यात वेगळे इंजेक्शन आहे आणि वेळेत मिळाले तर जनावर वाचते. तिसरे, धान्य जास्त खाल्ल्याने कोटीपोटच आंबते. तिथे जनावर सुस्त होते, पोट डबडबते, आंबूस वासाची हगवण लागते आणि एक-दोन दिवस जातात. कारण तेच, अचानक खाल्लेले धान्य. पण बिघाडाची जागा कोटीपोट. त्याला सोडा वगैरे उपाय असतात, आंत्रविषाराला त्यांचा उपयोग नाही. कोणता प्रकार आहे हे घरच्या घरी ठरवू नये.

माणसाच्या लहान आतड्यातही जिवाणू नको तितके वाढण्याचा विकार आहे, असे एका सभासदांनी आम्हाला विचारले होते. आहे. पोट फुगणे, हगवण, वजन उतरणे अशी त्याची लक्षणे. आणि तिथेही आतड्याची चाल मंदावणे हे एक मोठे कारण. पण तो सावकाश चालणारा वेगळा विकार आहे आणि त्याचा सल्ला माणसांच्या डॉक्टरांनी द्यायचा. मेंढीचे अनुमान माणसाला लावू नये, आणि उलटही नको.

उपचाराबद्दल आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. झटके सुरू झालेली मेंढी क्वचितच वाचते. सावकाश चालणाऱ्या शेळीच्या हगवणीत डॉक्टर सलाईन आणि प्रतिजैविके देतात, काही शेळ्या बऱ्याही होतात. पण पहिले जनावर मेले त्या क्षणी खरे काम उरलेल्या कळपाचे असते. कळप त्या रानातून, त्या खळ्यावरून, त्या हिरव्या कुरणातून ताबडतोब काढावा आणि वाळला चारा, कडबा, भुसकट यांवर आणावा. दाणा, पेंड, भरडा बंद. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने बाकीच्यांना लस. एवढे केले तर पुष्कळदा मरतूक एक-दोन दिवसांत थांबते. आधी सांगितलेल्या कळपातही नऊवरच थांबली.

आता चाऱ्याचे. आपल्या भागात धोक्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. मार्च-एप्रिलात गहू-ज्वारीची खळी. मे महिन्यात लग्नसराई, तेव्हा मांडवामागे उरलेला भात, पुऱ्या, बुंदी घमेल्याने शेळ्यांपुढे ओततात. त्यात वाईट हेतू नसतो, अन्न वाया जाऊ नये एवढाच विचार. पण शेळीच्या आतड्यात ते उकिरड्यावर पडल्यापेक्षा वाईट. जूनच्या पहिल्या पावसानंतर बांधावर आणि पाटाच्या कडेला लुसलुशीत गवत येते, उन्हाळाभर काडी खाल्लेली जनावरे त्यावर तुटून पडतात. शेवटचा प्रसंग विक्रीचा. जत्रेला किंवा बकरी ईदच्या बाजाराला बोकड भरावा म्हणून महिनाभर आधी मक्याचा भरडा एकदम सुरू करतात. वजन वाढते हे खरे, पण बाजाराच्या आठ दिवस आधी बोकड गेला म्हणजे वर्षभराचे कष्ट जातात.

धान्य देऊच नये असे आमचे म्हणणे नाही. ते हळूहळू वाढवावे. पहिल्या दिवशी मूठभर, आणि दहा ते चौदा दिवसांत पूर्ण खुराकापर्यंत. एका वेळी न देता सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावे. तगड्या बोकडाला वेगळे बांधून खायला घालावे, नाहीतर तो दुसऱ्यांचेही खातो. नव्या हिरव्या गवतावर सोडण्याआधी घरी वाळला चारा खाऊ घालावा म्हणजे जनावर भुकेले तुटून पडत नाही, आणि पहिले काही दिवस तास-दोन तासच चारावे. जंताचे औषध पावसाळ्याच्या तोंडावर द्यावेच. पट्टकृमींनी आतड्याची चाल मंदावते आणि मग साचलेल्या पाटासारखी गत होते, असे पशुवैद्यक मानतात.

आणि लस. या रोगावर लस चांगली आहे, स्वस्त आहे आणि आपल्याच राज्यात, औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात टोचून घ्यावी. पहिल्यांदा टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस घेतल्याशिवाय पहिल्याचा पुरता उपयोग होत नाही, आणि आमच्या पाहण्यात नेमका हाच दुसरा डोस राहून जातो. एकदा टोचली, झाले, असे म्हणून लोक विसरतात आणि मग लसच खोटी म्हणतात. त्यानंतर दरवर्षी एकदा. गाभण मेंढीला विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी टोचल्यास तिच्या चिकातून कोकराला संरक्षण मिळते. पुढे कोकरांना कधी टोचायचे ते डॉक्टर सांगतील. शेळीत या लसीचे संरक्षण मेंढीइतके पक्के आणि टिकाऊ नसते, म्हणून शेळ्यांना सहा महिन्यांनी पुन्हा टोचावी. लस २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असते. उन्हात मोटारसायकलच्या डिक्कीत फिरवलेली किंवा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठलेली लस टोचू नये. टोचल्या जागी कातडीखाली लहान गाठ येते, ती घाबरण्यासारखी नाही.

मेंढरं बसवताना रानमालकाने काय पाहावे, हे आमच्या खात्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. कळप येण्याआधी खळ्यावरचे दाणे झाडून घ्यावेत, कणसांचा ढीग काट्याने झाकावा. शेजारच्या बांधावर औषध मारले असेल तर ते धनगराला तोंडी सांगावे, दोन माणसांसमक्ष सांगावे. आंत्रविषाराची लस केव्हा टोचली हे धनगराला विचारावे; ज्यांनी टोचली आहे त्यांना बसवणुकीचे धान्य एक पायली जास्त द्यायला हरकत नसावी, असे आमचे मत. रात्री जनावर मेले तर आधी डॉक्टर, मग बाकीचे. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक सर्वांनी घरात भिंतीवर लिहून ठेवावा. मेलेले जनावर डॉक्टरांनी पाहिल्यावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. पाटात किंवा उसाच्या सरीत टाकू नये. बीजाणू मातीत वर्षानुवर्षे राहतात आणि पुढच्या वर्षी तुम्हालाच त्या रानात मेंढरं बसवायची असतात.

येत्या एप्रिलअखेर प्रत्येक गट कार्यालयात एक वही ठेवली जाईल. ज्या सभासदांकडे शेळ्या-मेंढ्या आहेत त्यांनी आपले नाव, गाव आणि जनावरांची संख्या तीत लिहावी. गाभण किती आणि तीन महिन्यांखालची किती, तेही वेगळे लिहावे. आडसालीसाठी मेंढरं बसवून घेणाऱ्यांनी कळपाच्या धनगरालाही बरोबर आणावे. संख्या कळल्यावर गावोगावच्या लसीकरणाच्या तारखा तालुका दवाखान्याशी बोलून ठरवू आणि दुसऱ्या डोसाची तारीख त्याच दिवशी वहीत टाकू.

— ऊस विकास अधिकारी